आलास की सांगते

सुमेधा, तू मला फसवलंस. हे पहिल्याच ओळीत लिहितो, कारण पुढे तुझ्याबद्दल बरंच चांगलं लिहावं लागणार आहे आणि त्यात ही गोष्ट बुडून जायला नको.

वजनात मारणारे लोक मी पाहिलेत. वर चांगला आणि खाली किडका माल भरणारे पाहिलेत. त्यांना कसं पकडायचं ते मला कळतं. तू मात्र मला जिंकवून फसवलंस. इतकी वर्षं आपण एकाच गोष्टीवर भांडलो आणि त्यात तू कधी तसूभर मागे सरकली नाहीस. मग शेवटच्या आठवड्यात, आवाज निम्मा झालेला असताना, माझ्या फोनवर निरोप ठेवलास : "शेठ, तुझं बरोबर होतं. शांतता त्या यादीत हवीच होती. पण तू सांगायचास त्या कारणासाठी नाही. आलास की सांगते."

मला येता आलं नाही. तू थांबली नाहीस. आता माझ्या हातात एक जिंकलेलं भांडण आहे आणि ते मी का जिंकलो हे मला माहीत नाही.

हे इथल्या मराठी मंडळाच्या अंकात छापणार आहेत, म्हणून तुला ठाऊक असलेलं पुन्हा सांगावं लागतंय. लोक जमिनीवरून भांडतात, लग्नातल्या मानपानावरून भांडतात. आपण भांडलो ते जगातल्या सगळ्या देशांनी मिळून विकासाची जी उद्दिष्टं ठरवली त्यांवरून. गरिबी हटवणं, पाणी, शाळा, आरोग्य, ही त्या यादीत असणार हे ठरलेलंच होतं. प्रश्न होता, त्यांच्या रांगेत शांतता आणि सुरक्षितता बसवायची की नाही. तू म्हणायचीस, नाही. मी म्हणायचो, सगळ्यांत आधी. तू युनीत, म्हणजे विद्यापीठात, पाण्याचा विषय शिकवणारी, बेटाबेटांवर जाऊन नळ बसवून आलेली. मी सिडनीच्या गिरावीनला किराणा दुकान चालवणारा. तुझं मत विचारायला लोक येत. माझं कोणी विचारलं नव्हतं. मी ते दिलं.

*

आपली ओळख झाली तीही भावावरून. तू तेव्हा सिडनीत पीएचडी करत होतीस, मी शनिवारच्या बाजारात दुसऱ्याच्या गाळ्यावर भाजी विकत होतो. तू मेथीची जुडी उचललीस, भाव विचारलास. मी नेहमीसारखा चढवून सांगितला. तू पर्स उघडून पैसे पुढे केलेस.

मला राग आला. खरंच आला. मराठी बाई, कपाळावर टिकली, आणि पहिल्या भावाला हो?

"अहो बाई, भाव करा की!"

"का? तुम्ही सांगितलात तो चुकीचा आहे का?"

"चुकीचा नाही. पहिला आहे."

"मग दुसरा सांगा."

"मी कसा सांगू? तुम्ही मागायचा!"

मागे उभी असलेली चिनी आजी आपल्या दोघांकडे बघत होती. तू विचार केल्यासारखं केलंस आणि माझ्या भावापेक्षाही जास्त आकडा सांगितलास. म्हणालीस, "हा कसा वाटतो?" आणि इतकी हसलीस की जुडी हातातून पडली. त्या दिवशी मी तुला ती मेथी फुकट दिली आणि सौदा कसा करायचा ते शिकवलं. गिऱ्हाईक पहिल्याच भावाला हो म्हणालं तर विकणाऱ्याला रात्रभर झोप येत नाही, हे तेव्हाच सांगितलं होतं. एक तर आपण कमी मागितलं, नाही तर त्याला माल नकोच आहे, त्याला फक्त तिथून निघायचंय.

हे तू विसरली नव्हतीस. म्हणून तर जास्त लागतं.

*

पुढे तुला दुसऱ्या राज्यात, क्वीन्सलँडमधल्या टूवूंबाच्या युनीत नोकरी लागली आणि लहानग्या लेकीला, जुईला, घेऊन तू तिकडे गेलीस. मी मनात म्हटलं, संपलं. इतक्या लांब कोण जातंय. पण त्या भागातले शेतकरी हरभरा आणि मूग पिकवतात, हे मला तूच कळवलंस. मधले दलाल टाळून मी थेट शेतावर जाऊन माल घ्यायला लागलो आणि प्रत्येक फेरीत तुझ्याकडे मुक्काम ठरलेला. माझ्या धंद्यातली ही सगळ्यांत चांगली वाट तू दाखवलीस. तू कधी बोलून दाखवलं नाहीस, मी कधी कबूल केलं नाही. आता करतो.

एकदा तू माझ्याबरोबर शेतावर आली होतीस. शेतकरी गाडीला टेकून उभा, मी त्याच्यासमोर उभा, आणि दोघंही गप्प. मी मुद्दामच बोलत नव्हतो. जो आधी बोलेल त्याचा भाव पडतो. तुला ते सहन होईना. तू मध्येच त्याला म्हणालीस, "मेट, ही इज गोइंग टू स्टँड हिअर ऑल आर्व्हो." म्हणजे हा अख्खी दुपार असाच उभा राहणार. तो हसला, मी हसलो, आणि माझा सौदा महागात गेला. परतताना मी गाडीत तुझ्यावर ओरडत होतो आणि तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "तुम्ही दोघं गप्प उभे होतात, ती शांतता नव्हती, शेठ."

"मग काय होतं?"

"दोघांनीही श्वास धरला होता."

मी म्हटलं, प्राध्यापकीणबाई, हे वर्गात सांगा.

*

भांडणाची सुरुवात तुझ्या जेवणाच्या टेबलावर झाली. थंडीचे दिवस होते, टूवूंबाचं धुकं खिडकीपर्यंत आलेलं. तू युनीतल्या एका बैठकीहून आली होतीस. नव्या उद्दिष्टांत काय असावं यावर तुमच्याकडून सूचना मागवल्या होत्या. आमटी वाढता वाढता तू म्हणालीस, "आज सगळे एका सुरात म्हणाले, शांतता आणि सुरक्षितता यादीत घाला. मी एकटी नको म्हणाले."

मी म्हटलं, "का?"

"कारण नळ मोजता येतो. सुरक्षितता कशी मोजशील?"

"मी सांगतो कशी मोजायची," मी म्हणालो, आणि माझ्या वडिलांच्या केळ्याच्या गाडीची गोष्ट तुला सांगितली. आमच्या गावात दंगल झाली की संचारबंदी लागायची. वडील घरात, केळी गाडीवर. पिवळी, मग ठिपक्यांची, मग काळी. आई त्याच केळ्यांचं काही ना काही करायची, आणि आम्ही भावंडं केळी पाहिली की रडायचो. तुला म्हटलं, गावात शाळा होती, दवाखाना होता, नळाला पाणी होतं. तुमच्या यादीतलं सगळं गावात हजर होतं. फक्त त्यांच्यापर्यंत चालत जायची सोय नव्हती. मग त्या यादीचं काय लोणचं घालायचं? हे म्हणताना मी मूठ आपटली आणि आमटी सांडली.

तू फडकं आणलंस. टेबल पुसलंस. मग शांतपणे बसून तुझी गोष्ट सांगितलीस.

पॅसिफिकमधल्या एका बेटावर तू नळ बसवला होतास. नळावर बायकांची भांडणं होत, कधी दोन वस्त्यांची मारामारी होई. मग कोणी तरी सुरक्षिततेसाठी म्हणून मदत मंजूर केली. नळाभोवती कुंपण घातलं, फाटक बसवलं, राखणदार नेमला. पुढच्या वर्षी तू गेलीस तेव्हा किल्ली ज्याच्या कमरेला, तो गावाचा मालक झाला होता. त्याच्या मर्जीतल्यांना पाणी सकाळी, बाकीच्यांना तो उठेल तेव्हा. "आणि भांडणं खरंच थांबली होती, शेठ," तू म्हणालीस. "कोणी आवाज चढवत नव्हतं. अहवालात त्याला शांतता म्हटलं होतं. मी पाणी दिलं होतं. त्यांनी त्यात तो शब्द घातला आणि पाणी गेलं."

"मग किल्लीवाला बदला."

"कोण बदलणार?"

"गाव बदलेल."

"ज्याच्याकडे किल्ली आहे त्याला?"

मी म्हटलं, तुझ्या गावाला एक चोर भेटला म्हणून जगाने दाराला कडी लावू नये का? तू म्हणालीस, कडी आतून लावतात की बाहेरून, ते आधी सांग. जुई तेव्हा शाळेत शिकत होती. ती आपलं ताट उचलून आत गेली आणि दारातून म्हणाली, "यू गाइज आर सो लाउड." दोघंही एकदम तिच्यावर ओरडलो, "आम्ही भांडत नाही आहोत!"

*

मग ती यादी जाहीर झाली. सतरा उद्दिष्टं. मी शेतावरून येताना पेढे घेऊन आलो, कारण शांतता आली होती. तू दारातच म्हणालीस, "कितव्या क्रमांकावर ते बघितलंस का?"

सोळाव्या.

मी तुला सांगितलं की दुकानात जी वस्तू ठेवावी तर लागते, पण विकायची नसते, ती मी शेवटून दुसऱ्या फळीवर ठेवतो. अगदी शेवटी ठेवली तर लोक मुद्दाम वाकून बघतात. यावर तू इतका वेळ हसलीस की मला वाटलं आता तू माझ्या बाजूला येणार. पण तू डोळे पुसलेस आणि म्हणालीस, "आणि तुझी सुरक्षितता मथळ्यात नाहीच. शांतता आहे, न्याय आहे. तू जोडी मागितली होतीस."

"अर्धा सौदा झाला."

"अर्धा नाही. तुझा तुटला, माझा झाला. जिची भीती होती ती बाहेर राहिली."

"मग शांतता मान्य?"

"मुळीच नाही. पेढा दे."

दोन खाल्लेस.

त्यानंतर गणपतीत मंडळाने तुला गिरावीनला भाषणाला बोलावलं. हॉलमध्ये आरती झालेली, लोकांचं लक्ष मागच्या बाजूला मांडलेल्या मसालेभाताकडे. तू पाण्यापासून सुरुवात केलीस, बेटावर आलीस, कुंपणावर आलीस, आणि मला राहवेना. मी उठलो. सेक्रेटरी धावत आला, "काका, प्रश्न नंतर, प्रश्न नंतर." मी म्हटलं, "मी प्रश्न विचारत नाही, मी उत्तर देतोय." माझी बायको रेखा माझा सदरा धरून मला खाली ओढत होती. तू माइकवरून म्हणालीस, "बोलू द्या त्याला. हा माणूस मला मेथी विकायचा. याला गप्प करणं मला अजून परवडलेलं नाही."

मसालेभात गार झाला. लोक अजून त्याबद्दल मला बोलतात. पण सुमेधा, त्या हॉलमध्ये कॉलेज अर्धवट सोडलेला मी एकटाच होतो आणि जगाच्या कारभारावर तू माझ्याशी भांडत होतीस, बरोबरीने. समजूत घालत नव्हतीस, खाली वाकून समजावत नव्हतीस. तू मला पाडायलाच निघाली होतीस. असा मान मला दुसऱ्या कोणी दिला नाही.

*

कोविडची साथ आली तेव्हा तू आजारी आहेस हे मला माहीत नव्हतं. तुलाही नुकतंच कळलं होतं आणि तू सांगितलं नव्हतंस. पहिल्या आठवड्यांत माझ्या दुकानात पिठावरून मारामारी झाली. दोन शिकलेली माणसं, दोघांच्या गळ्यात ऑफिसची ओळखपत्रं, एका पिठाच्या गोणीची दोन टोकं धरून ओढत होती. गोणी फाटली, पीठ सगळीकडे, आणि तरीही त्यांनी टोकं सोडली नाहीत. मी दोघांनाही हाकललं आणि दुसऱ्या दिवशी दारात एक धिप्पाड माणूस उभा केला. आत मोजकेच लोक सोडायचे, जमिनीवर पट्ट्या, गल्ल्याजवळची खुर्ची काढून टाकली.

तुला फोन करून ऐटीत सांगितलं. "बघ, सुरक्षितता आली आणि दुकान सुरळीत चाललं. मी काय सांगत होतो?"

तू दुसरंच विचारलंस. "खुर्ची काढलीस?"

गल्ल्याजवळची ती खुर्ची तुला माहीत होती. दुपारी म्हाताऱ्या बायका तिथे टेकायच्या. नातवंडं इंग्रजीत बोलतात, सून कामावर, म्हणून पावशेर शेंगदाणे घ्यायला यायच्या आणि तासभर बोलून जायच्या.

"नियमच आहे," मी म्हटलं. "कोणाला बसू द्यायचं नाही."

"मग त्या कुठे बसतात?"

"घरी."

"बोलतात कोणाशी?"

"तू काय माझ्या दुकानाचा अहवाल लिहिते आहेस का?" मी चिडलो. तू गप्प बसलीस. आता वाटतं, तुला तेव्हा दम लागला असेल. मला वाटलं, मी तुला निरुत्तर केलं.

आजाराचं नंतर जुईने सांगितलं. ती तोपर्यंत टूवूंबाच्या हॉस्पिटलात कामाला लागली होती, तुझं सगळं तीच करत होती. "काका, इट्स नॉट कोविड. इट्स द अदर थिंग." मी लगेच निघतो म्हटलं तर सीमा बंद. न्यू साउथ वेल्सच्या माणसाला क्वीन्सलँडमध्ये परवानगीशिवाय प्रवेश नाही. जुईने माझ्यासाठी अर्ज केला. उत्तर येईना. मी फोन करून आरडाओरडा केला. पलीकडची मुलगी फार गोड आवाजात सांगत होती की माझी अडचण तिला समजते. मला समजून घेणारी नको होती, सोडणारी हवी होती.

शेवटी मी गाडी काढली. रेखा म्हणाली, "परवानगी नाही तर जाऊन काय करणार?" मी म्हटलं, भाव करीन. आयुष्यभर तेच केलंय.

*

हा भाग तुला सांगायचा राहिला होता, म्हणून नीट सांगतो. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस.

सीमेवरच्या चौकीत तरुण पोलीस होता. तोंडाला मास्क, डोळे दमलेले. कागद मागितला. मी म्हटलं, अर्ज केलाय, उत्तर वाटेत आहे. तो म्हणाला, "सॉरी मेट, नो पास, नो एंट्री." मी सौद्याला सुरुवात केली. म्हटलं, घरात जाणार नाही. तो गप्प. अंगणातही जाणार नाही. तो गप्प. खिडकीच्या बाहेर उभा राहीन, दहा मिनिटं बोलेन, तोंड वळवून परत येईन, तू पाहिजे तर कोणाला माझ्याबरोबर पाठव. मी माझ्याकडचं सगळं एकेक करून सोडत गेलो आणि तो काहीच मागेना. अशा माणसाशी सौदा होत नाही. शेवटी तो म्हणाला, "मेट, तुला सोडलं तर तुझ्या मागच्यालाही सोडावं लागेल. त्याचीही कोणी तरी पलीकडे आहे."

सुमेधा, माझ्या दारातला धिप्पाड माणूस हेच वाक्य बोलायचा. मीच शिकवलं होतं त्याला.

तुझ्यासाठी मेथी आणली होती. परत नेऊन ती कोमेजणार. मी ती त्या पोलिसाला दिली. तो म्हणाला, याचं काय करतात? मी गाडीतूनच त्याला बटाटा घालून मेथी कशी करायची ते सांगितलं. मागे गाड्यांची रांग लागली होती. तो लक्ष देऊन ऐकत होता आणि मध्येच त्याने विचारलं, "जिच्यासाठी आणलीस ती कशी करते?" मी म्हटलं, शी बर्न्स इट. खरं तेच सांगितलं. तुझी मेथी नेहमी करपायची.

मागे फिरताना जुईला फोन करून कळवलं. परतीच्या वाटेवर पेट्रोल पंपावर थांबलो तेव्हा तुझा निरोप दिसला. मी लगेच फोन केला. जुईने उचलला. तू झोपली होतीस.

"तिला उठव."

"काका, प्लीज."

"एकच वाक्य विचारायचंय."

"टुमॉरो, काका."

उद्याही झोप होती. परवाही. मग तू उठलीच नाहीस.

*

तुझा अंत्यविधी मी फोनच्या पडद्यावर पाहिला. खुर्च्या एकमेकींपासून लांब लांब मांडलेल्या, प्रत्येक खुर्चीवर एकेक माणूस. मला एकदम तुझं ते जुनं वाक्य आठवलं. सगळ्यांनी श्वास धरला होता. जुई चांगलं बोलली. इंग्रजीत बोलली, शेवटी मराठीत "आई, बाय" म्हणाली, आणि इथे गिरावीनला दुकानाच्या मागच्या खोलीत, तांदळाच्या गोण्यांवर बसून मी फोन पालथा ठेवला.

नंतर तिला विचारलं. "आई मला काय सांगणार होती? बरोबर होतं म्हणाली, पण वेगळ्या कारणासाठी. कुठलं कारण?"

ती म्हणाली, "काका, मला वाटतं शी वॉज जस्ट बीइंग काइंड. तू इतका लांब ड्राइव्ह करून आला होतास, आणि परत गेलास. मी तिला सांगितलं होतं."

मी जुईवर ओरडलो. नको होतं ओरडायला, पोरीची आई गेली होती. पण ती असं बोलूच कशी शकते? तू आणि दया? माझ्या मुलीच्या लग्नात तू मला सांगितलंस की मी जाकिटात दलाल दिसतो. माझ्या दुकानाचं लोणचं तू माझ्यासमोर बेसिनमध्ये ओतलंस. पत्त्यांत तू मला एकदाही हरलेला डाव सोडला नाहीस. आणि ती बाई जाता जाता मला भांडण बक्षीस देते, मी लांबून आलो म्हणून?

मला नको. मी बक्षीस घेत नाही. पहिल्याच भावाला हो म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाबद्दल मी तुला काय सांगितलं होतं, आठव.

जुईचं खरं असेल तर तू मला शेवटी कमी लेखलंस, आणि ते तू कधीच केलं नव्हतंस. म्हणजे कारण होतं. असणारच. मग कुठलं? मी रोज एक काढतो आणि रोज मोडतो.

बेटावर पुन्हा काही घडलं का? किल्लीवाल्याला गावाने हटवलं का? तसं असतं तर तू मला त्याच दिवशी फोन करून छळलं असतंस. की चौकीवरच्या त्या पोलिसामुळे? त्यानेही माझ्यासारखंच कुंपण घातलं होतं आणि मी बाहेर राहिलो, म्हणजे खरं तर तू जिंकलीस. मग 'तुझं बरोबर होतं' कशाला? की खुर्चीमुळे? कधी कधी वाटतं, खुर्चीच. दारातला माणूस म्हणजे शांतता नाही, ती खुर्ची म्हणजे शांतता, आणि ती यादीत लिहून ठेवली नाही तर घाईच्या दिवसांत पहिली तीच काढली जाते, असं काही तरी तू म्हणणार होतीस का? परवा मी ती खुर्ची परत आणून ठेवली. पहिल्या दिवशी कोणी बसलं नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या, नाशिकच्या काकू आल्या, इकडे तिकडे बघितलं, मास्क नीट केला आणि अगदी कडेला टेकल्या. मी धिप्पाड माणसाला म्हटलं, तू जरा चहा पिऊन ये.

पण हे माझं कारण झालं. तुझं तेच होतं हे मला कोण सांगणार? मी स्वतःच विकत घेतो आणि स्वतःच विकतो, असा धंदा मी कधी केला नाही. समोर कोणी तरी लागतं. नाही म्हणणारं.

मंडळाने या लेखात तुझं शिक्षण, तुझी पदं, तुला मिळालेले मान लिहायला सांगितलं होतं. ते जुईकडून घ्या म्हटलं. मला एवढंच माहीत आहे की टूवूंबाच्या एका टेबलावर आमटीचा पिवळा डाग आहे, तो तू कधी नीट घासला नाहीस, आणि मी आलो की त्यावर मुद्दाम वाटी ठेवायचीस. ते टेबल विकू नकोस असं जुईला सांगितलंय. ती म्हणाली, "काका, इट्स जस्ट अ टेबल." मग थोड्या वेळाने म्हणाली, "ओके, ठेवते."

तर आता ऐक. हा सौदा मला मान्य नाही. तुझं भांडण मी तुला परत करतोय, जसंच्या तसं, न जिंकलेलं. सीमा एक ना एक दिवस उघडेल. उघडली की पहिल्या गाड्यांत माझी गाडी असेल, मागच्या सीटवर मेथी असेल. मी त्या टेबलाशी माझ्या जागी बसेन, डागावर वाटी ठेवेन, आणि या वेळी गप्प राहण्यात तू मला हरवू शकणार नाहीस. मला वाटेत अडवलं ते दुसऱ्यांनी. शब्द दिला होतास तू.

'आलास की सांगते' म्हणालीस ना?

मी येतोय. सांग.